खर्जाचे वाद्य

संगीतात वरच्या सुरांचे कौतुक करणारे रसिक पुष्कळ भेटतात. खर्जाची विचारपूस करणारे थोडे. गवयाने तार षड्जावर आवाज ठेवला की मैफलीत माना डोलू लागतात. परंतु तोच गवई पहाटे, घरातील माणसे निजलेली असताना, तंबोऱ्याच्या शेवटच्या तारेशी आवाज मिळवून तास तास खर्ज लावीत बसलेला असतो, त्याची वार्ता फार तर भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला असते, आणि तीही बहुधा तक्रारीच्या स्वरूपात. युरोपीय संगीतात एका वाद्याच्या वाट्याला असेच भाग्य दीर्घकाळ आले होते. त्या वाद्याचे नाव चेलो. त्याच्या इतिहासातील काही प्रसंग या मासिकाच्या वाचकांपुढे मांडावे असे बरेच दिवस मनात आहे. त्याला निमित्त अगदी घरगुती घडले. ते ओघाने येईलच.

प्रथम नावाविषयी. संस्कृताच्या अभ्यासकाची ही खोड असते, ती वाचकांनी सहन करावी. या वाद्याचे पूर्ण नाव ‘व्हिओलोन्चेलो’. इटालियन भाषेत ‘व्हिओलोने’ म्हणजे मोठी व्हिओला; तिला ‘चेलो’ हा लघुत्ववाचक प्रत्यय लागला आणि ‘लहानशी मोठी व्हिओला’ असा चमत्कारिक अर्थ झाला. आपल्याकडे पाणिनीने अल्पार्थी आणि ह्रस्वार्थी ‘क’ प्रत्यय सांगितला आहे, त्याच जातीचा हा प्रत्यय. पुढे लोकांनी बोलण्याच्या सोयीसाठी मूळ शब्द टाकून दिला आणि प्रत्यय तेवढा ठेवला! ‘बालक’ शब्दातील ‘बाल’ गाळून नुसत्या ‘क’ला हाक मारावी, तसे हे झाले. इतक्या भारदस्त वाद्याला नुसत्या प्रत्ययावर दिवस काढावे लागावेत, याची मला मौज वाटते.

वाद्य दिसायला व्हायोलिनसारखेच, पण आकाराने इतके मोठे की ते खांद्यावर घेता येत नाही. वादक खुर्चीवर बसतो, वाद्य दोन्ही गुडघ्यांमध्ये उभे धरतो आणि त्याच्या तळाशी असलेली धातूची अणी जमिनीवर टेकवतो. तारा चार. प्रत्येक तार तिच्या खालच्या तारेचा पंचम असते. सर्वांत खालच्या तारेला षड्ज मानले तर दुसरी पंचम, तिसरी वरच्या सप्तकातील ऋषभ आणि चौथी धैवत. आपल्या शास्त्रात ज्याला षड्जपंचमभाव म्हणतात, त्याचीच ही चार पायऱ्यांची शिडी होय. पुरुषाच्या भरदार खर्जापासून स्त्रीच्या गळ्यापर्यंतचा सारा प्रदेश या शिडीच्या टप्प्यात येतो, म्हणूनच चेलो ऐकताना कोणी गात आहे असा भास होतो.

सोळाव्या शतकाच्या मध्यास इटलीतील क्रेमोना गावी आंद्रेआ आमाती या कारागिराने केलेली ही वाद्ये प्रसिद्ध आहेत. त्या काळी चेलोचे काम एकच असे: इतरांनी गावे-वाजवावे आणि याने खाली आधारस्वर धरून बसावे. आतड्याच्या जाड तारा, त्यांचा आवाज मंद आणि हाताला जड. पुढे सुमारे १६६० नंतर बोलोन्या शहराच्या परिसरात आतड्याच्या तारेवर धातूची बारीक तार गुंडाळण्याची युक्ती निघाली. तार बारीक असूनही स्वर खोल येऊ लागला, तेव्हा वाद्याचा देह आटोपशीर करता आला आणि बोटांना चपळाई आली. लगेच त्याच बोलोन्यात दोमेनिको गाब्रिएल्ली याने १६८९ मध्ये एकट्या चेलोसाठी रचना लिहिल्या. साथीदार प्रथमच पुढे येऊन बसला. आपल्या सारंगीची हकीकत अशीच आहे. कित्येक पिढ्या गायिकेच्या पाठीमागे बसलेल्या त्या वाद्याला एकट्याने मैफल करण्याचा मान मिळवून देण्यासाठी पंडित रामनारायण (१९२७–२०२४) यांना मुंबईत आयुष्य वेचावे लागले. साथीदाराला पुढे येऊ देणे हे कोणत्याच समाजाला सहजी जमत नाही, असे दिसते.

आता योहान सेबास्टियन बाख याची गोष्ट. त्याने सुमारे १७२० मध्ये केवळ एका चेलोसाठी सहा नृत्यमालिका रचल्या. प्रत्येकीच्या आरंभी एक प्रास्ताविक, मग नृत्यांच्या चालींवर बेतलेले भाग. साथीला कोणी नाही. युरोपीय संगीत म्हणजे अनेक स्वरांचा एका वेळी मेळ; आणि येथे तर वाजविणारा एकटा! पण ऐकताना दोन-तीन माणसे आपसात बोलत आहेत असे वाटते. चांगला कीर्तनकार पूर्वरंग आटोपून आख्यान लावतो, तेव्हा राजाही तोच, प्रधानही तोच आणि दारीचा याचकही तोच असतो. त्याने नुसता अंगाचा कल बदलला की श्रोत्याला पात्र बदललेले कळते. बाखची ही रचना त्या जातीची आहे. त्याच्या स्वतःच्या हातची प्रत आज उपलब्ध नाही. त्याची पत्नी आना माग्दालेना हिने केलेली नक्कल मात्र राहिली. संसार सांभाळून नवऱ्याच्या चोपड्या उतरून काढणाऱ्या त्या बाईचे ऋण संगीताच्या इतिहासात एखाद्या ओळीत आटोपतात, हे मला बरे वाटत नाही.

नक्कल राहिली, छापलीही गेली. परंतु पुढची दीडशेहून अधिक वर्षे बहुतेकांनी या मालिकांना बोटे तयार करण्याचे धडे मानले. विद्यार्थ्याने घोकावे, मैफलीत वाजवू नये. मग १८९० मध्ये स्पेन देशातील बार्सेलोना शहरी तेरा वर्षांचा एक मुलगा वडिलांबरोबर बंदराजवळच्या एका जुन्या दुकानात स्वरलिपीच्या चोपड्या चाळीत होता. हा पाब्लो कासाल्स. त्याच्या हाती या सहा मालिकांची जुनी प्रत लागली. तिचे अस्तित्वही त्याला तोपर्यंत माहीत नव्हते. घरी येऊन त्याने अभ्यास आरंभला आणि त्यांतील एक मालिका लोकांपुढे वाजविण्याचे धैर्य होईपर्यंत सुमारे बारा वर्षे गेली. बारा वर्षे! आपल्याकडे वेदपाठशाळेत एका शाखेच्या अध्ययनाला हाच काळ सांगतात. आजकाल सहा महिन्यांत रंगमंचावर चढलेली मुले पाहिली, आणि त्यांच्याहून अधीर झालेले त्यांचे आईबाप पाहिले, म्हणजे मला त्या मुलाची आठवण होते.

कासाल्सने वाजविण्याची पद्धतही बदलली. त्याच्या लहानपणी उजव्या काखेत पुस्तक धरून गज चालवायला शिकवीत. पुस्तक खाली पडता कामा नये. हात अंगाशी बांधल्यासारखा राही. त्याने पुस्तक काढून टाकले आणि हात मोकळा केला. चाळीस वर्षे शिकविण्याचा धंदा केलेल्या माझ्यासारख्याला ही लहानशी गोष्ट त्याच्या मोठ्या कीर्तीपेक्षा अधिक भावते. १९३६ ते १९३९ या काळात त्याने सहाही मालिका ध्वनिमुद्रित केल्या. त्या मुद्रणात सूक्ष्म खरखर आहे, क्वचित गज तारेवर घासल्याचे ऐकू येते. तरी दुसरे कोणतेही स्वच्छ मुद्रण ऐकून मी पुन्हा याच्याकडेच येतो.

ते ध्वनिमुद्रण चालू असताना त्याच्या देशात यादवी माजली होती. १९३९ मध्ये फ्रँकोची सत्ता आली, आणि कासाल्स सीमेपलीकडे फ्रान्समधील प्राद या लहान गावी राहिला. महायुद्धानंतर मोठमोठ्या राष्ट्रांनी फ्रँकोशी जमवून घेतले, तेव्हा त्या राष्ट्रांत वाजविणार नाही असे त्याने ठरविले. म्हणजे बहुतेक जगात वाजविणे सोडले. कलावंताचे जे एकमेव द्रव्य, तेच त्याने रोखून धरले. १९५० मध्ये बाखच्या मृत्यूला दोनशे वर्षे झाली, तेव्हा जगातील नामांकित वादक त्याला भेटायला त्या आडगावी गेले. तो येत नाही, तर आपण जाऊ. पुढे १९७१ च्या ऑक्टोबरात, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभेत त्याने आपल्या कातालान प्रांतातील पक्ष्यांचे एक लोकगीत वाजविले. १९७३ मध्ये तो परदेशातच वारला. १९७५ मध्ये फ्रँको गेला आणि १९७९ मध्ये कासाल्सच्या अस्थी जन्मगावी आल्या.

चेलो वाजविणाऱ्यांत असे हट्टी लोक बरेच निघाले. रशियाच्या म्स्तिस्लाव्ह रोस्त्रोपोविच याला २१ ऑगस्ट १९६८ रोजी लंडनमध्ये वाजवायचे होते, रशियन वाद्यवृंदाबरोबर, आणि तेही द्वोर्जाक या चेक रचनाकाराची रचना. त्याच दिवशी रशियन रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले. सभागृहाबाहेर निदर्शने, आत हा मनुष्य ज्यांच्यावर आक्रमण झाले त्यांच्याच मातीतले संगीत वाजवीत होता. पुढे सोल्झेनित्सिन या लेखकाला आश्रय दिल्याबद्दल त्यालाही देश सोडावा लागला. १९८९ च्या नोव्हेंबरात बर्लिनची भिंत फुटली, तेव्हा हाच गृहस्थ खुर्ची मागून घेऊन भिंतीशी बाख वाजवीत बसला.

असो. आता ते घरगुती निमित्त. माझा धाकटा मुलगा नोकरीमुळे म्हापशास असतो. त्याची मुलगी बारा वर्षांची. तिने तेथे एका कार्यक्रमात चेलो ऐकला आणि हेच शिकायचे असा ध्यास घेतला. गेल्या चतुर्थीला सगळे कुटुंब आचऱ्यास जमले असता हा विषय माजघरात निघाला. आमच्या घरात असे विषय एकट्या आईबापांचे नसतात, हे वाचकांना सांगावयास नको.

वहिनींचा आक्षेप बसण्याच्या तऱ्हेला. मुलीच्या जातीने चारचौघांत असे वाद्य धरून बसावे, हे त्यांना रुचेना. वहिनी जुन्या मताच्या म्हणून हसण्यात अर्थ नाही. एकोणिसाव्या शतकातील पॅरिस आणि लंडन येथील सुशिक्षित मंडळींचा आक्षेप अक्षरशः हाच होता, आणि कित्येक स्त्रिया लोकलज्जेस्तव वाद्य एका अंगाला कलते धरून वाजवीत. त्या काळात लिझ क्रिस्तियानी नावाची फ्रेंच मुलगी पुढे आली. जन्म १८२७ चा. अठराव्या वर्षी तिने जाहीर कार्यक्रम केले. मेंडेल्सोन या मोठ्या रचनाकाराने तिच्यासाठी एक छोटी रचना लिहिली. स्ट्राडिव्हारी या विख्यात कारागिराने १७०० मध्ये केलेला चेलो बरोबर घेऊन ही बाई रशियात गेली, आणि तेथून सैबेरिया ओलांडून थेट कामचाटकापर्यंत. आगगाडी नाही, रस्ते नाहीत. १८५३ मध्ये परतीच्या काळात पटकीने ती वारली. पुरती सव्वीस वर्षेही झाली नव्हती. तिचा चेलो राहिला आणि आज तो क्रेमोनात आहे.

वहिनींना मी ही हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, “भावोजी, म्हणजे एवढे करून ती मेलीच ना!” त्यावर मी काय बोलणार? पण त्यांना दुसरी गोष्टही ऐकविली. गिल्येर्मिना सुजिया ही पोर्तुगालची. आपल्या शेजारच्या गोव्यात पाश्चात्य संगीत ज्या देशाने आणले, त्या देशाची. १९५० मध्ये ती वारली, तेव्हा आपला स्ट्राडिव्हारी चेलो विकून त्या पैशातून होतकरू मुलांना शिष्यवृत्ती द्यावी असे तिने लिहून ठेवले होते. १९५६ मध्ये ती शिष्यवृत्ती अकरा वर्षांच्या जॅकलिन द्यु प्रे हिला मिळाली. एल्गार या इंग्रज रचनाकाराची चेलोसाठीची रचना १९१९ मध्ये पहिल्या कार्यक्रमात, तालमीला पुरेसा वेळ न मिळाल्याने, पार फसली होती. त्या वाद्यवृंदात बार्बिरोली नावाचा एक तरुण चेलो वाजवीत होता. पुढे तो मोठा वाद्यवृंदनियोजक झाला, आणि १९६५ मध्ये त्याच्याच नियोजनाखाली वीस वर्षांच्या जॅकलिनने ती रचना अशी वाजविली की तिचे ते मुद्रण जगभर घरोघरी गेले. १९६९ मध्ये लंडनला तिच्या शेजारी उभे राहून त्याहून मोठे खर्जवाद्य वाजविणारा तरुण होता आपल्या मुंबईचा झुबिन मेहता. ज्यांनी १९३५ मध्ये मुंबईत सिंफनी वाद्यवृंद उभा केला त्या मेहली मेहतांचा मुलगा. चार वर्षांनी जॅकलिनच्या बोटांतील संवेदना गेली. मज्जासंस्थेचा असाध्य विकार. अठ्ठाविसाव्या वर्षी वादन थांबले, बेचाळिसाव्या वर्षी आयुष्य. हा शेवटचा भाग मी वहिनींना सांगितला नाही.

दादांचा आक्षेप निराळा. “आपल्या घरात पेटी आहे, तंबोरा आहे. हे परकीय धूड कशाला?” यावर मात्र मला उत्तर होते. ज्या पेटीवाचून श्रीदेव रामेश्वरासमोर भजन उभे राहत नाही आणि दशावतारातला राजा रंगणात येत नाही, ती पेटी १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये देबें नावाच्या गृहस्थाने घडविली. १९४० मध्ये त्या वेळच्या ऑल इंडिया रेडिओने तिला परकी म्हणून बंदी केली आणि ती बंदी १९७१ पर्यंत चालली. तोवर पेटी आमच्या देवघराला लागून बसली होती. व्हायोलिनचे तसेच. दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितारांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते आपलेसे केले, आपल्याकडे गजाननबुवा जोशांसारख्या गवयाने त्यावर ख्याल वाजविला. मग धाकट्या बहिणीला घरात घेतल्यावर थोरलीला ओटीवर उभी का ठेवावी?

आणि चेलो आपल्या कानांना खरोखर परका आहे काय? तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. तेथे चर्चच्या शाळांतून ‘मेस्त’ मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. त्या मुलांतील कित्येक पुढे मुंबईस चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) त्यांतलेच; राहुलदेव बर्मन आणि प्यारेलाल यांचे ते शिक्षक. १९५८ मध्ये सेंट झेवियर महाविद्यालयाच्या प्रांगणात त्यांनी मोठा वाद्यवृंद उभा करून आपल्या रागांना त्यात बसविले. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. राहुलदेवांचे सहायक बासू चक्रवर्ती हे तर मूळचे चेलोवादकच. जुन्या गाण्यांत कडवे संपता संपता व्हायोलिनांच्या खालून जो एक दाट, काळसर स्वर सरकत येतो, तो बहुधा चेलोचा. दादा रोज रात्री रेडिओवर ती गाणी ऐकत आले आहेत. मी म्हटले, “तुमच्या उशाशी तो पन्नास वर्षे आहे, फक्त ओळख करून दिली नव्हती.” दादा नुसते हसले. होकार दिला नाही.

मला स्वतःला अधिक महत्त्वाची वाटते ती पुढली पायरी. अमेरिकेतील नॅन्सी लेश, विवाहानंतरच्या नॅन्सी कुलकर्णी, यांनी झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे ध्रुपद शिकून ते चेलोवर उतरविले. डागरसाहेबांची रुद्रवीणा आणि त्यांचे पनवेलजवळचे गुरुकुल जाणत्यांना ठाऊक आहेच. ध्रुपदाच्या आलापाला खर्जात जो विस्तीर्ण अवकाश लागतो, तो चेलोपाशी जन्मतःच आहे. जमिनीवर बैठक मारून त्या वाजवितात, तेव्हा वाद्याचा मुलूख विचारावासा वाटत नाही. दुसऱ्या हॉलंडच्या सास्किया राव-द हास. त्या पंडित हरिप्रसाद चौरसियांच्या शिष्या. सुमती मुटाटकर आणि व्हायोलिनचे दामोदर केशव दातार यांचेही मार्गदर्शन त्यांनी घेतले. त्यांनी चेलोच बदलून घेतला: आकार लहान, वाजविण्याच्या तारा पाच, आणि खाली आपोआप झंकारणाऱ्या तरफेच्या तारा दहा. आपल्या मींडेसाठी पडदे नसलेला हा लांब गळा किती सोयीचा आहे, हे आपणांस बाहेरून आलेल्या दोन स्त्रियांनी दाखवून द्यावे! वहिनींचा बैठकीचा प्रश्नही यात परस्पर सुटतो. भारतीय बैठकीचा चेलो मांडी घालून वाजविता येतो.

इतका वेळ माझी धाकटी बहीण माई मोदकांच्या पाऱ्या करीत गप्प होती. तिच्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. लग्नापूर्वी ती तीन वर्षे सतार शिकत होती. हात गोड होता. सासरी सतारीला खुंटी मिळाली, वेळ मिळाला नाही. पहिल्याच पावसाळ्यात भोपळ्याला बुरशी आली, तबलीचा सरस सुटला, आणि दुरुस्तीचे पुढे कोणी नाव काढले नाही. माईनेही काढले नाही. चाळीस वर्षांत सतारीचा विषय ती आमच्यापाशी बोललेली मला आठवत नाही. त्या दिवशी पारीवरचे डोळे न काढता तिने नातीला विचारले, “तुझे ते वाद्य स्क्रूने जोडलेले असते की सरसाने?” नात म्हणाली, “सरसाने, माईआजी.” “मग या घरात पावसात आणू नकोस,” माई म्हणाली, “आणि तुझ्या खोलीत ते भिंतीला टेकून ठेवू नकोस. बाहेरच्या भिंतीला ओल असते. माझी दोन्ही वेळा तीच चूक झाली.”

माजघरात कोणी काही बोलले नाही. दादांनी पानाचा डबा पुढे ओढला. वहिनींनी कढईतले सारण उगाच दोनदा ढवळले. मग दादाच म्हणाले, “लहान मुलांच्या मापाचे मिळते का ते?” मिळते. अर्धे, पाऊण असे आकार असतात. मूल वाढते तसे वाद्य बदलावे लागते, म्हणून आरंभी भाड्याने घेणे शहाणपणाचे.

नातीचे शिक्षण दसऱ्यापासून सुरू झाले. पाऊण आकाराचा चेलो भाड्याने आणला आहे. गेल्या महिन्यात तिने दूरध्वनीवरून चारही तारा मोकळ्या वाजवून दाखविल्या; दुसरे काही अजून येत नाही. खालची तार मला थोडी उतरलेली वाटली, पण ते मी बोललो नाही, कारण फोन माईच्या हातात होता आणि ती तो कानाशी धरून बराच वेळ देतच नव्हती. वाद्य पावसाळाभर म्हापशासच राहील. मे महिन्यात ते इकडे येईल, तेव्हा कुठे ठेवायचे याची जागा माईने मुक्काम हलविण्यापूर्वी मुक्रर करून दिली आहे: ओटीवर नाही, कारण खारा वारा थेट लागतो; माळ्यावर नाही, कारण कौले तापतात. माजघराच्या आतल्या भिंतीपासून वीतभर पुढे, जुन्या फडताळाच्या आडोशाला. तेथे आमचा तंबोरा असे. तो दादांनी परवा स्वतः उचलून पलीकडच्या कोनाड्यात ठेवला.